सलोमायनं पाहिलेला हात

फार वर्षांपूर्वी, गंगेवर पूल नव्हता आणि पूल होईल अशी कुणाला आशाही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गंगा म्हणजे गोदावरीच. पण आमच्या नगरकडच्या माणसाला तिला गोदावरी म्हणायला सांगा, तो आधी तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तर या गंगेच्या काठी चिंचडोह नावाचं गाव होतं. पन्नासेक घरं, सगळी ख्रिस्ती. मातीच्या भिंतींचं एक चर्च, त्यावर बाभळीच्या लाकडाचा क्रूस. समोरच्या काठावर हिवरवाडी. तिथं दर शनिवारी बाजार भरायचा, त्यामुळे चिंचडोहच्या माणसांना आठवड्यातून एकदा तरी गंगा ओलांडावीच लागायची.

ती ओलांडून द्यायची सलोमाय. तिचं पाळण्यातलं नाव सलोमी. नवरा नावाडी होता, तो तापानं गेला आणि त्याची काहील हिच्याकडे आली. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची ती मोठी पसरट लोखंडी कढई. आमच्याकडे नाव नसली तर माणसं काहिलीत बसून नदी ओलांडत. सलोमाय हातात लांब वेळू घेऊन उभी राहायची आणि बाकीचे खाली उकिडवे बसायचे. काहील जरा मोकळी सोडली की भोवऱ्यासारखी फिरते, म्हणून ती एकसारखी वेळूनं तळ चाचपत राहायची.

ती सहा फूट उंच होती, असं म्हणतात. भरलेली काहील एकटीनं काठावर ओढायची, असं म्हणतात. पाण्याचा नुसता रंग बघून वर कुठल्या गावाला पाऊस झाला ते सांगायची, असंही म्हणतात. यातलं किती खरं, कुणास ठाऊक. ती स्वतः मात्र ‘असं म्हणतात’ हे शब्द उभ्या आयुष्यात कधी बोलली नाही. कुणी काही सांगायला लागलं की तिचा एकच प्रश्न असे, “तू सवता पाह्यलं का?” आणि तिला कुणी काही विचारलं, तर ती पाहिलं तेवढं सांगायची आणि गप्प बसायची. बायका म्हणायच्या, सलोमायशी गप्पा मारण्यात काही मजा नाही.

एका वर्षी भाद्रपदातल्या शनिवारी गंगेला अचानक पूर आला. सकाळी पाणी बरंच चढलं, दुपारी जरा उतरल्यासारखं वाटलं. बाजार उठला तेव्हा दिवस कलायला लागला होता. चिंचडोहची सात माणसं हिवरवाडीच्या काठावर खोळंबली होती. त्यांत शाळा आणि प्रार्थना दोन्ही चालवणारे शांतवन मास्तर होते, आणि तान्ह्या मुलाला पोटाशी बांधलेली रिबका होती. सलोमाय म्हणाली, थांबू या. मास्तर म्हणाले, पाणी उतरतंय. सगळ्यांनी मास्तरांचं ऐकलं, कारण ते शिकलेले होते.

काहील मध्यावर गेली आणि वरून पाण्याचा दुसरा लोंढा आला. वेळू हातातून गेला. काहील गरगरत खाली डोहाकडे निघाली. त्या डोहात गेलेलं काही परत येत नसे. मास्तरांनी मोठ्यानं “हे आमच्या स्वर्गातील बापा” सुरू केलं आणि सातही जणांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मरताना काही बघायला लागू नये, एवढीच तेव्हा त्यांची इच्छा होती. सलोमायही प्रार्थना म्हणत होती. पण काहील हाकणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत, म्हणून तिचे उघडे होते.

मग तिला पाण्यातून वर आलेला एक हात दिसला. हातात जाड दोर होता. तिनं दोराला मिठी मारली, दोर काहिलीच्या कडीत अडकवला, आणि दोर असा ताणला गेला की काहील जागच्या जागी थबकली. मग ती वळली आणि प्रवाहाच्या कडेकडेनं झोके घेत हिवरवाडीच्याच काठाला, अर्धा कोस खाली, एका उंबराशी जाऊन लागली. माणसांनी डोळे उघडले तेव्हा दोराचं एक टोक काहिलीत होतं आणि दुसरं उंबराच्या बुंध्याला बांधलेलं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. सलोमाय दिवस मावळेपर्यंत काठानं हाका मारत फिरली, “बाबा, कोन हाय? वर ये!” कुणी आलं नाही.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय समजेल? चिंचडोहवाले समजले की दोर स्वर्गातून आला. पूर ओसरल्यावर ते विळे घेऊन उंबराशी गेले आणि त्या दोराचे वीत-वीत, हात-हात तुकडे करून घरोघरी घेऊन आले. कुणी तुकडा शुभवर्तमानाच्या पुस्तकात ठेवला, कुणी उशीखाली, कुणी गाईच्या गळ्यात बांधला. रिबकाच्या मुलाला ताप होता. तिनं तुकडा पाण्यात बुडवून ते पाणी त्याच्या ओठाला लावलं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग तर विचारूच नका. दोर अंबाडीचा, पांढुरका होता, फक्त त्यात एक पेड काळ्या लोकरीचा होता. मास्तरांनी त्याचाही उलगडा केला. तीन पांढरे पेड म्हणजे पवित्र त्रैक्य, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि काळा पेड म्हणजे मनुष्याचं पाप. रविवारी या विषयावर ते तासभर बोलले, आणि चांगलं बोलले, असं म्हणतात.

महिन्याभरानं मिशनचे फादर आन्तोन घोड्यावरून आले. ते पांढऱ्या दाढीचे, मराठी जपून बोलणारे, मनानं सरळ असे गृहस्थ होते. त्यांना फार आनंद झाला होता. बिशपसाहेबांना कळवायचं, उंबराशी दगडी चॅपल बांधायचं, असं त्यांच्या मनात होतं. पण चमत्काराला साक्षीदार लागतो. सात जणांना विचारलं तर सातांचेही डोळे मिटलेले. उरली सलोमाय.

चर्चमध्ये सगळं गाव जमलं. फादरांनी विचारलं, “सलोमीबाई, तुम्ही प्रभूला पाहिलं?”

“न्हाई फादर. म्या हात पाह्यला.”

“कसा होता हात? तेजस्वी होता?”

“वला व्हता.”

लोक हसले नाहीत. फादर जरा पुढे वाकले. “नीट आठवा. तळहातावर काही खूण होती? खिळ्याची?”

“तळहात दिसला न्हाई. मूठ दिसली. उजवा हात. त्याला करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट न्हवतं. दोन बोटं कमी.”

चर्चमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. प्रभूच्या हाताला दोन बोटं कमी कशी असतील? मास्तरांनी घाम पुसला आणि म्हणाले, घाबरलेल्या माणसाला असं काहीबाही दिसतं. मग त्यांनी सुंदर अक्षरात साक्ष लिहिली. तिच्यात हात होता, दोर होता, तेज होतं आणि बोटांबद्दल काही नव्हतं. ती वाचून दाखवली आणि शाईची बाटली सलोमायपुढे ठेवली. तिनं अंगठा उठवायला नकार दिला.

“जरा समजून घे,” मास्तर म्हणाले. “दोन बोटांनी काय बिघडतंय?”

“काही बिघडत न्हाई ना? मंग लिवा,” ती म्हणाली.

फादर कागद तसाच घेऊन परत गेले. चॅपल राहूनच गेलं. गाव सलोमायवर चिडलं, आणि चिडायला त्यांना कारणही होतं, कारण एवढ्या मोठ्या कृपेला या बाईनं एका हट्टापायी बट्टा लावला होता. लोक दोन कोस वळसा घालून वरच्या पायउतारानं नदी ओलांडू लागले. रिबकाही तिच्याशी बोलेना. सलोमायला याचं फार वाईट वाटलं. ती रोज सकाळी रिकामी काहील पाण्यात घालायची, समोरच्या काठाला न्यायची आणि रिकामीच परत आणायची. नाताळात तिच्या दारावर कुणी फराळाचं ताट आणलं नाही.

आता समोरच्या काठावरची हकीकत ऐका. त्याच पुराच्या दिवसापासून हिवरवाडीच्या पाटलाचा मोट हाकणारा गडी सखाहरी नाहीसा झाला होता, आणि त्याच्याबरोबर पाटलाच्या मोटेचा नवाकोरा नाडा. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. पाटलानं सगळीकडे सांगितलं की गडी नाडा चोरून पळाला. सखाहरीची बायको ठकूबाई रडून सांगत होती, “गंगा चढाया लागलेली बघून भल्या पहाटंच गेले. म्हनले, बाजारचा दिस हाय, चिंचडोहची काहील येईल, उंबराला दोर बांधून ठिवतो, मानसं वाहात आली तर धरायला व्हईल.” पण नवऱ्याची बाजू बायको घेणारच, तिचं कोण ऐकणार? पाटलानं तिला खोपटातून काढलं. माघात तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडायला आलं. सोयऱ्यांनी सांगून पाठवलं की चोराची लेक आम्ही करणार नाही; होळीपर्यंत चोरी खोटी ठरली तर बघू.

हिवरवाडीत एक चोर पळाला आणि चिंचडोहात प्रभू आला, हे दोन्ही काठांना माहीत होतं. पण चोराचा आणि प्रभूचा संबंध कोण लावणार? सहा महिने कुणी लावला नाही.

शेवटी एक कासारीण दोन्ही गावांत बांगड्या भरत फिरत होती, तिनं ठकूबाईला सहज सांगितलं की पलीकडची नाववाली जरा भ्रमिष्ट आहे, देवाला दोन बोटं कमी आहेत म्हणते. ठकूबाई बांगड्या अर्ध्या हातात तशाच ठेवून उठली आणि काठावर आली.

सलोमायची रिकामी काहील नुकतीच लागत होती. ठकूबाई पाण्यात शिरून म्हणाली, “माय, माझ्या मालकाला तुम्ही पाह्यलं का?”

सलोमायनं वेळू काठाला टेकवला. मग म्हणाली, “बाई, मी आधी काय बोलत न्हाई. तू सांग. तुझ्या मालकाचा उजवा हात कसा व्हता?”

“मोटंच्या चाकात सापडला व्हता. करंगळी आन् शेजारचं, दोन बोटं गेली.”

सलोमाय काहिलीच्या कडेवर बसली. तिनं ठकूबाईला जवळ ओढलं आणि दोघी कितीतरी वेळ रडल्या, असं म्हणतात. सलोमाय त्याआधी आणि त्यानंतर कधी रडली नाही, असंही म्हणतात.

पण नुसत्या सांगण्यानं पाटील ऐकणार नव्हता. नाडा त्यानं डोळ्यांनी पाहायला हवा होता. आणि नाडा तर पन्नास घरांत तुकडे होऊन बसला होता.

तो रविवार होता. फादर मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, आले होते. मिस्सा संपल्यावर सलोमाय ठकूबाईला घेऊन चर्चच्या मध्यभागी उभी राहिली, सगळं सांगितलं आणि म्हणाली, “दोराचे तुकडे परत द्या.”

जो गोंधळ झाला तो काय सांगावा. कुणी म्हणालं, आमची गाय त्या तुकड्यावर व्याली. कुणी म्हणालं, आमच्या म्हाताऱ्याला त्यानं शांत मरण आलं. मास्तरांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. “म्हणजे प्रभूनं आपल्याला वाचवलं नाही? पाटलाच्या गड्यानं वाचवलं? असं सांगितलं तर लोकांचा विश्वास राहील का?”

सलोमाय म्हणाली, “मास्तर, तुमीच दर साली वाचून दाखिवता. प्रभूच्या कबरीवर पहाटे बाया गेल्या. एक तर माझ्याच नावाची व्हती. त्यांनी काय सांगितलं? धोंड सरकली व्हती. प्रभू तिथं न्हवता. पाह्यलं तेवढं सांगितलं. कुनाला पटलं न्हाई, समदे म्हनले बाया बरळत्यात. तरी त्यांनी काय वाढवलं न्हाई, काय गाळलं न्हाई. म्हनून म्या अडानी बाई त्यांच्या शब्दावर इश्वास ठेवते. त्यांनी कुनाला बरं वाटावं म्हनून दोन बोटं जास्तीची लावली असती, तर मी कशावर भरवसा ठिवला असता?”

मग रिबका उठली. पदराच्या गाठीत तिचा तुकडा होता. ती हळू आवाजात म्हणाली, “माय, ह्यो दिला तर माझ्या लेकराचा ताप परत येईल का?”

“त्ये मला ठावं न्हाई,” सलोमाय म्हणाली. “ताप उतरला, एवढं म्या पाह्यलं.”

रिबकाला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, आणि एक शब्द खोटा बोलून तिला धीर देता आला असता. सलोमायनं तो दिला नाही. रिबकानं मुलाच्या कपाळाला हात लावला. मग तिनं गाठ सोडली आणि तुकडा ठकूबाईच्या ओंजळीत ठेवला. तिच्यामागून एकेक जण उठला. दुपारपर्यंत सगळ्या घरांतले तुकडे आले. सगळ्यांत शेवटी फादर आन्तोन वेदीवरून खाली आले. पहिल्या भेटीत गावानं दिलेला त्यांचा तुकडा चांदीच्या डबीत होता. डबी उघडताना त्यांचा चेहरा लाल झाला होता, असं म्हणतात.

लगेच सगळं गाव नदी ओलांडून गेलं. काहिलीनं त्या दिवशी अकरा खेपा केल्या. हिवरवाडीच्या चावडीपुढे बसून बायकांनी तुकड्याला तुकडा जोडून गाठी मारल्या. पाटील मिशा पिळत बघत होता. नजर लागू नये म्हणून नाड्यात काळ्या लोकरीचा पेड त्याच्या आईनं स्वतः वळून घातला होता. मास्तर ज्याला मनुष्याचं पाप म्हणत होते, तो हाच पेड. पाटलानं दोर हातात घेतला, एक गाठ बघितली, दुसरी बघितली आणि काळ्या पेडावर त्याचा हात थांबला. चाळीस हातांचा नाडा, गाठींत चार हात जाऊन छत्तीस हात भरला.

पाटलानं मग सलोमायला विचारलं. तिनं तेच सांगितलं, त्याच शब्दांत: उजवा हात, वला, मूठ, दोन बोटं कमी. सहा महिन्यांत त्यात एक शब्द वाढला नव्हता की कमी झाला नव्हता. मुळात हे ज्याला सोयीचं नव्हतं त्या गावासमोरही ती तेच बोलली होती, हे पाटलाला कळलं होतं. तो उठला, डोक्यावरचं पागोटं काढलं आणि चारचौघांत म्हणाला, “सखाहरी चोर न्हवता. म्या चुकलो.” मुलीचे सोयरे तिथंच होते. त्यांनी ठकूबाईच्या पाया पडून तिथल्या तिथे सुपारी फोडली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गर्दीत खालच्या अंगाचा, सहा कोसांवरच्या गावचा एक कोळी मासे विकायला आला होता. तो पुढे सरकला आणि चाचरत म्हणाला, “दोन बोटं न्हवती म्हनता? त्यो मानूस आमच्या जाळ्यात आला व्हता. पुराच्याच शनवारी. वळख पटंना, म्हनून आमीच माती दिली.”

ठकूबाईनं डोळ्याला पदर लावला. फादरांनी विचारलं, “शनिवारी किती वाजता?”

“न्याहारीच्या वक्ताला, बाबा.”

काहील मध्यावर गेली तेव्हा बाजार उठला होता, दिवस कलला होता. हे सात जणांना माहीत होतं, बाजारातल्या शंभर जणांना माहीत होतं. आणि न्याहारीच्या वेळेला सखाहरी सहा कोस खाली कोळ्याच्या जाळ्यात होता.

शांतवन मास्तर गुडघ्यांवर बसले. सगळ्यांनी सलोमायकडे बघितलं. ती कोळ्याकडे वळली.

“तू सवता पाह्यलं का?”

“म्या सवता उचलला, माय. ह्या हातांनी.”

“न्याहारीलाच?”

“भाकर टाकून उठलो व्हतो.”

फादर सलोमायजवळ आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “मग तुम्ही जे पाहिलं, ते काय होतं?”

“हात, फादर,” ती म्हणाली. “म्या हात पाह्यला.”

फादरांनी त्या दिवशी मास्तरांचा कागद फाडला आणि चर्चच्या वहीत तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. खाली कोळ्याचे लिहिले. दोघांनी अंगठे उठवले. त्याखाली स्वतःचं मत लिहायला त्यांनी जागा सोडली होती. ती तशीच कोरी आहे, असं म्हणतात.

पुढे सलोमाय पुष्कळ वर्षं जगली. लोक तिच्या शब्दावर वाद मिटवायचे. ती गेली तेव्हा गंगेचं पाणी घटकाभर थांबलं होतं, असं म्हणतात. ते तिला सांगितलं असतं तर तिनं काय विचारलं असतं, तुम्हाला माहीतच आहे.

आता पूल झाला. चॅपल काही झालं नाही. उंबराखाली एक दगड आहे, त्यावर तीन बोटांची मूठ कोरलेली. भाद्रपदातल्या एका शनिवारी दोन्ही गावं तिथं जमतात. ख्रिस्ती येतात, हिवरवाडीचे माळकरी येतात, खालच्या गावचे कोळी येतात. पाटलानं नाडा परत घेतला नव्हता. त्याचे तुकडे पुन्हा सोडवून घरोघरी ठेवलेत, ते त्या दिवशी आणून जोडतात. एक टोक उंबराला बांधतात, दुसरं टोक पाण्यात सोडतात. मग ज्याला वाटेल त्यानं उठून वर्षभरात स्वतः पाहिलेलं काहीतरी सांगायचं, चांगलं किंवा वाईट. ‘असं म्हणतात’ म्हटलं की खाली बसवतात.

मी एकदा गेलो होतो. उठलो आणि ही सलोमायची गोष्ट सांगायला लागलो. दुसऱ्याच वाक्याला एका म्हातारीनं मला खाली बसवलं. लोक हसले. मला ओशाळल्यासारखं झालं.

मग शेवटी सगळ्यांनी मिळून पाण्यातला दोर ओढायची वेळ झाली. सगळे रांगेनं उभे राहिले, म्हाताऱ्या, बाप्ये, कडेवरून उतरवलेली पोरं. मला वाटलं, आता जोर लावायला सगळे मुठी आवळतील. पण प्रत्येकानं उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत दुमडलं आणि उरलेल्या बोटांनी दोर धरला. माझ्या पुढे चार वर्षांची एक मुलगी होती. तिला दोनच बोटं दुमडता येईनात, सगळी मूठ बंद व्हायची. तिच्या आजीनं वाकून तिची बोटं एकेक करून नीट बसवली. मग दोर ताणला गेला. पाण्यात पलीकडे कुणी नव्हतं, पण दोर ताणला गेला.

हे मात्र मी पाहिलं.